डायलिसिसवरच्या माणसाचं बीपी आपोआप उतरलं, तर आनंद मानावा का?

देवगडकडच्या एका मुलाने विचारलं आहे. वडील एकसष्ट वर्षांचे, मधुमेहाने किडन्या गेलेल्या, चार वर्षं आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मंगळवारी आणि शुक्रवारी, चार-चार तास. सुरुवातीला वरचं बीपी 170-180 असायचं, तीन प्रकारच्या गोळ्या चालू होत्या. गेल्या पाच-सहा महिन्यांत ते खाली येत गेलं. आता मशीनवर घेण्याआधीच 105-110 भरतं, तिसऱ्या तासाला 85 पर्यंत पडतं, पायात गोळे येतात, सलाईन द्यावं लागतं. गोळ्या सगळ्या बंद झाल्या. घरची मंडळी म्हणतात, एवढ्या वर्षांनी बीपी गेलं एकदाचं. मुलाच्या मात्र वाचनात आलं की डायलिसिसच्या रुग्णांत बीपी जास्त असणारेच जास्त जगतात. तेव्हा हे खरं का, आणि खरं असेल तर वडिलांना मीठ-लिंबाचं सरबत देऊन बीपी वर आणावं का, असे त्याचे दोन प्रश्न आहेत. शेजारच्या खाटेवरच्या काकूंचं बीपी उलट मशीनवरून उतरताना वाढलेलं असतं, ते कसं, हेही त्याने जाता जाता विचारलं आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते आज संध्याकाळच्या जेवणापासून लागू आहे. सरबत देऊ नका. मिठाने तुमच्या वडिलांची तहान वाढेल, वजन वाढेल, शुक्रवारी मशीनला जास्त पाणी ओढावं लागेल आणि बीपी आणखी पडेल. शहाळंही नको. आपल्याकडे अशक्तपणा दिसला की पहिलं शहाळं फोडतात, आणि त्यामागे माया असते हे मला ठाऊक आहे. पण त्यातलं पोटॅशियम किडनी नसलेल्या माणसाच्या हृदयाचे ठोके बंद पाडू शकतं.

आता मूळ मुद्दा. तुम्ही वाचलंत त्यात तथ्य आहे, पण त्याचा अर्थ तुम्हाला वाटतो तसा नाही. 1998 मध्ये अमेरिकेतल्या पाच हजारांहून जास्त डायलिसिस रुग्णांचा एक अभ्यास आला. बीपी आणि मृत्यू यांचा आलेख त्यात इंग्रजी यू अक्षरासारखा निघाला. डायलिसिस संपताना वरचं बीपी 180 च्या वर असलेल्यांना धोका जास्त होताच, पण 110 च्या खाली असलेल्यांनाही तो जास्त होता. पुढच्या अनेक अभ्यासांत हेच दिसत राहिलं, आणि डायलिसिसच्या आधी 110 च्या खाली असलेली माणसं सगळ्यांत लवकर जाताना दिसली. सर्वसाधारण माणसाला आपण 120-130 म्हणजे उत्तम म्हणतो, म्हणून हे ऐकून लोक गोंधळतात.

गोंधळ सुटतो तो काळाकडे पाहिलं की. 2000 साली युरुग्वेमधल्या डॉक्टरांनी आपल्या रुग्णांकडे असं पाहिलं: कमी बीपीचा संबंध पहिल्या दोन वर्षांतल्या मृत्यूंशी निघाला, आणि जास्त बीपीचा त्यानंतरच्या मृत्यूंशी. म्हणजे ज्यांचं हृदय आधीच थकलेलं, शरीर खंगलेलं, अंगात कुठेतरी जंतुसंसर्ग मुरलेला, त्यांचं बीपी त्या आजारामुळे कमी असतं आणि ती माणसं त्या आजाराने जातात. कमी बीपी ही तिथे खूण आहे. जास्त बीपीचं काम संथ चालतं. ते हृदयाची भिंत जाड करतं, मेंदूच्या रक्तवाहिन्या झिजवतं, पण त्याला वर्षं लागतात. थोड्या काळाचा अभ्यास केला तर जास्त बीपीवाले सुखरूप दिसतात एवढंच.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. 2015 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात डायलिसिस घेणाऱ्यांचं बीपी दोन ठिकाणी मोजलं, केंद्रात आणि केंद्राबाहेर. केंद्रातल्या आकड्यांचा आलेख पुन्हा यू निघाला. बाहेरच्या आकड्यांचा मात्र सरळ चढत गेला, बीपी जितकं जास्त तितका धोका जास्त. याचं कारण आपल्याकडच्या कुठल्याही केंद्रात उभं राहिलं तर समजतं. पहाटे उठून, दोन तास एसटीत हेलकावे खाऊन, अंगात तीन लिटर पाणी घेऊन माणूस आत येतो, वजनकाट्यावर चढतो, खाटेवर पडतो आणि लगेच दंडाला पट्टा बांधला जातो. त्या आकड्यावर त्याच्या आयुष्याचा अंदाज बांधायचा आणि गोळ्या ठरवायच्या, हे मला कधीच पटलेलं नाही.

म्हणून वडिलांचं बीपी घरी मोजा. दंडावर बांधायचं डिजिटल यंत्र पुरतं, मनगटावरचं नको. फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शीर आणि धमनी जोडून केलेली जागा, ज्या हाताला आहे त्या हाताला पट्टा कधीही बांधायचा नाही. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशीपासून सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसवून, चहा-तपकिरीच्या आधी, चार दिवस. एकदा बसून आणि एकदा उभं राहून दोन मिनिटांनी. मधुमेहात नसा बिघडलेल्या असतात, त्यामुळे उभं राहिल्यावर बीपी कोसळणं ही तुमच्या वडिलांच्या बाबतीत वेगळी आणि उपयोगी माहिती असेल. ही वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

आता बीपी का उतरलं असेल? माझा पहिला संशय हृदयावर आहे. जुना मधुमेह, चार वर्षं डायलिसिस, आणि तीन गोळ्यांचं बीपी सहा महिन्यांत शून्य गोळ्यांवर, हे ऐकलं की मी आधी टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लिहून देतो. पूर्वी दर ठोक्याला आतलं 60 टक्के रक्त पुढे ढकलणारं हृदय 30-35 टक्क्यांवर आलं असेल तर बीपी उतरतं आणि घरच्यांना ते बरं झाल्यासारखं वाटतं. एकोमध्ये हृदयाच्या पिशवीत पाणी साठलंय का तेही दिसतं. डायलिसिस कमी पडत असेल तर ते साठतं, आणि मशीनवर बीपी पडण्याचं ते एक धोकादायक कारण आहे. एको डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी करा. अंगात पाणी भरलेलं असताना केलेल्या एकोवरून हृदयाची खरी स्थिती नीट कळत नाही.

दुसरा संशय ड्राय वेटवर, आणि तो दोन्ही बाजूंनी घ्यायला हवा. ड्राय वेट म्हणजे जादा पाणी काढून झाल्यावर राहायला हवं ते वजन. चार वर्षांपूर्वी कागदावर लिहिलेला तो आकडा पुष्कळ ठिकाणी तसाच पुढे चालू राहतो. माणूस खाऊन-पिऊन सुधारला, अंगावर मांस आलं, आणि ड्राय वेट तेच ठेवलं, तर प्रत्येक वेळी मशीन त्याला गरजेपेक्षा जास्त कोरडं करतं आणि बीपी पडतं. उलट, माणूस खंगत गेला, मांस झडलं आणि आकडा तोच राहिला, तर झडलेल्या मांसाची जागा पाणी घेतं. काट्यावर वजन बरोबर दिसतं, पायावर सूज नसते, पण रात्री उताणं झोपता येत नाही, दोन उशा लागतात. अशा माणसाचं हृदय ठीक असेल तर बीपी वाढतं; थकलेलं असेल तर पाणी भरूनही बीपी कमीच राहतं. तेव्हा वडिलांना रात्री दम लागतो का, सदरा गळ्याशी सैल झालाय का, जेवण किती उरलंय, हे तुम्ही सांगा. ते काट्याला सांगता येत नाही.

खंगण्याचं बोललो म्हणून सांगतो. किडनीचं पथ्य म्हणून डायलिसिस सुरू होण्याआधी प्रथिनं कमी करायला सांगतात. डायलिसिस सुरू झाल्यावर ते उलटतं, पण घरात ते कुणी सांगितलेलंच नसतं आणि कोकणातला माणूस चार वर्षं माशाशिवाय पेज-भातावर राहतो. तुमच्या वडिलांचं वजन 52 किलो आहे. त्यांना दिवसाला साधारण 52 ते 62 ग्रॅम प्रथिनं हवीत. ताजा बांगडा, सुरमई, कोळंबी, अंड्याचं पांढरं, यातलं काहीतरी रोज. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन तपासून घ्या. सोबत संध्याकाळचा ताप, खोकला, भूक मेलेली असं काही असेल तर क्षयरोगाची तपासणीही मागा. डायलिसिसवरच्या माणसात क्षय गुपचूप येतो आणि बीपी उतरवतो.

आता मशीनवर बीपी 85 का होतं ते पाहू, कारण सगळ्यांत जास्त सुधारणा इथेच शक्य आहे. तुम्ही कळवलंय की दोन डायलिसिसच्या मध्ये त्यांचं वजन साडेतीन किलोने वाढतं. म्हणजे चार तासांत साडेतीन लिटर पाणी काढायचं. मशीन पाणी रक्तातून ओढतं, आणि रक्तातलं कमी झालेलं पाणी आजूबाजूच्या मांसातून हळूहळू झिरपून भरून यावं लागतं. विहिरीला मोठा पंप लावला आणि झऱ्यांना पुरवठा करता येईना, तर आजूबाजूची जमीन ओली असतानाही तळ दिसतो, तसं ते होतं. पायावर सूज आहे आणि तरी बीपी पडतंय, हे कोडं त्यामुळेच.

हिशेब करून दाखवतो. साडेतीन लिटर, चार तास, 52 किलो वजन: दर तासाला दर किलोमागे जवळपास 17 मिली. 2011 मध्ये जुन्या एका मोठ्या चाचणीतली माहिती पुन्हा तपासली गेली तेव्हा 13 मिलीच्या वर पाणी ओढलेल्यांमध्ये मृत्यू जास्त दिसले. 13 ही काही लक्ष्मणरेषा नाही, 12 ला सगळं आलबेल आणि 14 ला संकट असं नसतं. पण 17 निश्चित जास्त आहे. 13 च्या वेगाने 52 किलोच्या माणसाचं चार तासांत सुमारे 2.7 लिटर निघतं, पाच तासांत सुमारे 3.4.

बीपी पडणं ही तात्पुरती अडचण समजू नका. बीपी पडतं तेव्हा हृदयाच्या भिंतीचे काही भाग थोडा वेळ आकुंचन पावणं थांबवतात. डायलिसिस चालू असताना एको करून हे पाहिलेलं आहे. पुन्हा पुन्हा असं झालं की ते भाग कायमचे अशक्त होतात. मग हृदय थकतं, बीपी आणखी खाली राहायला लागतं, मशीनवर आणखी लवकर पडतं, सलाईन दिलं जातं, त्या सलाईनमध्ये पुन्हा मीठ, पाणी पूर्ण निघत नाही, पुढच्या वेळी आणखी काढावं लागतं. तुमचे वडील आज बहुधा या चक्रात आहेत.

ते तोडायचं तर माझा सल्ला स्पष्ट आहे: आठवड्यातून तीन डायलिसिस. अजून दिवसाला बऱ्यापैकी लघवी होत असेल तर काहींचं दोनवर निभावतं, पण चार वर्षांनी तुमच्या वडिलांची लघवी जवळपास बंद आहे असं तुम्ही लिहिलंय. शुक्रवार ते मंगळवार हे चार दिवसांचं अंतर फार आहे. आठवड्यातून तीनदा घेणाऱ्यांमध्येसुद्धा जिथे एक दिवसाऐवजी दोन दिवसांची सुट्टी पडते त्याच्या दुसऱ्या दिवशी मृत्यू जास्त होतात, हे 2011 मध्ये अमेरिकेतल्या 32 हजार रुग्णांच्या नोंदींतून दाखवलं गेलं. तिसऱ्या वेळेला अडचण पैशांची असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते केंद्रातल्या आरोग्यमित्राला विचारा. अडचण अंतराची असेल तर केंद्र बदलून जवळचं मिळतं का पाहा. तिसरी वेळ नाहीच जमली तर निदान पाच तास मागा.

वेळेबद्दल मला तळमळीने सांगायचं आहे, कारण आपल्याकडे ती वेळ एसटी ठरवते. शेवटची गाडी सुटेल म्हणून लोक अर्धा तास आधी उतरवायला सांगतात, आणि सिस्टरही दया येऊन उतरवतात. उरलेलं पाणी मग अंगातच घरी जातं, नाहीतर साडेतीन तासांत ओढून काढलं जातं. फ्रान्समध्ये तासँ या गावी वर्षानुवर्षं आठ-आठ तासांचं संथ डायलिसिस आणि कमी मिठाचं जेवण असा शिरस्ता होता, आणि तिथल्या बहुतेक रुग्णांना बीपीची एकही गोळी लागत नसे. त्यांचं आयुर्मानही चांगलं राहिलं. आठ तास आपल्याला परवडणार नाहीत, पण वेळेला किती किंमत आहे ते त्यातून समजावं. सकाळची पहिली शिफ्ट मागून घ्या, म्हणजे परतीच्या गाडीची घाई राहणार नाही.

छोट्या गोष्टीही आहेत. मशीनवर असताना पोटभर खाऊ घालू नका; रक्त पोटाकडे वळतं आणि बीपी पडतं. उपमा-पोहे घरून निघण्याआधी किंवा उतरल्यावर. डायलिसिसच्या द्रावाचं तापमान 37 ऐवजी 36 ठेवता येईल का, हे टेक्निशियनना विचारा. थंडी वाजेल, पांघरूण न्या. त्याने बीपी सावरतं. मात्र सगळ्यांनाच थंड द्राव दिल्याने मृत्यू किंवा हॉस्पिटलच्या खेपा कमी होत नाहीत, हे 2022 मधल्या कॅनडातल्या मोठ्या चाचणीत दिसलं, म्हणून केवळ त्यावर विसंबू नका.

मीठ मात्र छोटी गोष्ट नाही. अंगात गेलेलं 9 ग्रॅम मीठ साधारण एक लिटर पाणी धरून ठेवतं. निरोगी माणसालासुद्धा जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत राहायला सांगते. आम्ही जेवणात मीठ कमीच घालतो, असं प्रत्येक घर मला सांगतं आणि ते खरंही असतं. पण पेजेबरोबर खारा बांगडा असतो, सोलकढीच्या आगळात मीठ असतं, लोणच्याची फोड, सांडगी मिरची, पापड, मिठातल्या कैऱ्या हे ताटाच्या कडेला असतंच. पाणी मोजतानाही फक्त तांब्या मोजतात. पेज, कुळथाची पिठी, माशाचं सार, चहा हे सगळं पाणीच आहे. वडिलांची साखर 250-300 राहत असेल तर तहान मिठाशिवायही लागेल, तेव्हा तीही पाहा. पावसाळ्यात घाम कमी जातो, त्यामुळे तेच खाऊन वजन जास्त चढतं.

शेजारच्या काकूंबद्दल. डायलिसिसच्या सुरुवातीपेक्षा शेवटी वरचं बीपी 10 किंवा त्याहून जास्त वाढलेलं पुन्हा पुन्हा दिसत असेल तर तेही चांगलं नाही. 2013 मध्ये एक लाखाहून जास्त रुग्णांवर झालेल्या अभ्यासात सगळ्यांत सुरक्षित निघाले ते, ज्यांचं बीपी डायलिसिसमध्ये थोडंसं उतरतं. खूप उतरणारे आणि चढणारे दोघेही धोक्यात. चढण्याचं नेहमीचं कारण म्हणजे अंगात अजून पाणी उरलेलं असणं. ड्राय वेट दर वेळी दोन-तीनशे ग्रॅमने हळूहळू खाली आणावं लागतं. 2009 मधल्या एका चाचणीत गोळ्या न वाढवता केवळ असं वजन उतरवून आठ आठवड्यांत वरचं बीपी सुमारे 7 ने जास्त कमी झालं होतं. धीर धरावा लागतो, वजन आज उतरलं तरी बीपी कित्येक आठवड्यांनी उतरतं. काही गोळ्या डायलिसिसमध्ये धुऊन जातात, उदाहरणार्थ अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, रामिप्रिल. अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, कार्व्हेडिलॉल राहतात. काकूंच्या डॉक्टरांना हे ठाऊक असणार, पण गोळ्यांच्या वेळा कुणी विचारल्याच नसतील तर त्यांनी स्वतः सांगाव्यात. रक्तवाढीच्या इंजेक्शनानेही बीपी चढतं.

तुमच्या वडिलांच्या गोळ्या बंद आहेत, त्या तूर्त बंदच राहू द्या. पण एकोमध्ये हृदय अशक्त निघालं तर डॉक्टर बीपीसाठी नव्हे, हृदयासाठी अगदी लहान मात्रेत पुन्हा गोळी सुरू करतील. बीपी कमी असताना बीपीची गोळी कशी, म्हणून घरच्या घरी ती थांबवू नका. बीपी वर ठेवण्यासाठी मिडोड्रिनसारखी गोळी डायलिसिसच्या आधी देतात. ती जरूर विचारा, पण कारण शोधून झाल्यावर.

गणपती जवळ आले की मुंबईहून येणाऱ्या रुग्णांनी केंद्रं भरून जातात, आणि घरचे रुग्णही चतुर्थीची पाळी चुकवतात. ती पाळी चुकवू नका, आठवडाभर आधी सांगून एक दिवस अलीकडे घ्या. तसंच रेड अलर्टचं. 22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा आसपासच्या रुग्णांचे रस्तेच बंद झाले. अंदाज आला की केंद्राला फोन करून आदल्या दिवशी डायलिसिस उरकता येतं का पाहा, आणि अडकलातच तर पाणी अर्ध्यावर आणा, फणस-केळी-आंबा-शहाळं पूर्ण बंद.

एक काम रोजचं. बीपी कमी राहणाऱ्या माणसाची फिस्टुला गोठून बंद पडण्याची भीती जास्त असते. सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना वडिलांच्या फिस्टुलावर बोटं ठेवून थरथर लागते का पाहा. लागत नसेल तर पुढच्या पाळीपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. काही तासांत पोचलात तर ती बऱ्याचदा वाचवता येते.